सुलेमान आणि इंद्र एकाच डावात

मराठी माणूस पत्ते खेळायला बसला की नकळत दरबारी भाषा बोलू लागतो. ‘हुकूम काय आहे?’ असे कुणीतरी विचारतो. कुणी गुलाम टाकतो, त्यावर दुसरा बादशहा टाकून हात उचलतो. तिसऱ्याकडे बदाम संपलेले असतात. हुकूम आणि गुलाम हे शब्द मुळात अरबी, तर बादशहा आणि बदाम फारसी. गणपतीच्या जागरणात, लग्नघरी, एसटीच्या मागच्या बाकावर हे शब्द रोज उच्चारले जातात आणि कुणालाही ते परके वाटत नाहीत.

या शब्दांचा माग काढत गेलो तेव्हा मला गंजिफा भेटला. गंजिफा म्हणजे गोल, हाताने रंगवलेल्या पानांचा खेळ. सावंतवाडीला जाणारे पर्यटक तो हौसेने विकत घेतात आणि चौकटीत बसवून भिंतीवर टांगतात. त्यावर दशावतारांची चित्रे पाहून अनेकांना तो निव्वळ धार्मिक कलेचा नमुना वाटतो. दुसरीकडे ‘मुघलांनी आणलेला खेळ’ म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहणारेही आहेत. आपल्या समाजातही, देवादिकांची चित्रे असलेल्या पत्त्यांशी आपला काय संबंध, असा प्रश्न मला विचारला गेला आहे. तिन्ही मतांमध्ये एक गोष्ट सुटते. गंजिफा हा आधी खेळ आहे. तो कुणीतरी विचारपूर्वक रचला, कुणीतरी त्यातली पात्रे बदलली, कुणीतरी त्याचे नियम नव्या पात्रांना लावून पाहिले. ही रचना कशी झाली हे पाहिले की मध्ययुगीन भारताकडे पाहण्याची एक वेगळीच खिडकी उघडते.

मलिक आणि त्याचा नायब

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात मामलुक काळातील पत्त्यांचा एक संच आहे. लिओ मायर या अभ्यासकाला तो १९३१ साली सापडला. मूळ संच ५२ पानांचा. चार रंग, प्रत्येकात तेरा पाने. हे रंग आहेत प्याले, नाणी, तलवारी आणि चौगान म्हणजे पोलोच्या काठ्या. प्रत्येक रंगात एक ते दहा आकड्यांची पाने आणि वर तीन मानाची पाने. मलिक, त्याचा नायब आणि दुसरा नायब.

या मानाच्या पानांवर एकाही माणसाचे चित्र नाही. राजा आहे, पण त्याचा चेहरा नाही. सुंदर अरबी अक्षरांत त्याचा हुद्दा लिहिला आहे आणि भोवती वेलबुट्टी. चेहरा टाळून केवळ अक्षरांतून पात्र उभे करण्याची ही रीत होती. यातल्याच एका पानावर ‘कंजिफा’ हा शब्दही आलेला आहे. आपला गंजिफा त्याच घराण्यातला.

युरोपात पत्त्यांचे उल्लेख मिळू लागतात ते १३७० नंतरच्या दशकात. फ्लॉरेन्स शहराने १३७७ मध्ये या नव्या खेळावर निर्बंध आणले, तेव्हा त्याचे नाव ‘नाईब्बे’ असे नोंदवले. स्पॅनिशमध्ये पत्त्यांना आजही ‘नाईपेस’ म्हणतात. मामलुक दरबारातला नायब असा एका अख्ख्या खेळाला नाव देऊन गेला. मात्र युरोपातल्या चित्रकारांना चौगान ठाऊक नव्हते. काठीचे काय करावे हे न कळल्याने त्यांनी तिचा सोटा केला. पात्र एका मुलखातून दुसऱ्या मुलखात गेले की त्याचे रूप बदलते, त्याचे हे पहिले उदाहरण. खेळ मात्र तसाच चालू राहिला.

तीन पिढ्यांचा नाद

भारतात गंजिफाचा पहिला ठळक उल्लेख येतो तो खुद्द बाबराच्या लेखणीतून. ‘बाबरनामा’तल्या १५२७ च्या एका नोंदीत तो लिहितो की, मीर अली कोरची याच्या हाती सिंधच्या शाह हसनसाठी गंजिफा पाठवला. शाह हसनला हा खेळ फार आवडत होता आणि त्याने तो मागवला होता. नोंद अवघ्या एक-दोन ओळींची. पण त्यातून कळते की पत्ते ही त्या काळात एका सत्ताधीशाने दुसऱ्याला पाठवावी अशी भेटवस्तू होती.

बाबराचा मुलगा हुमायून याने स्वतःच एक खेळ रचला. ख्वांदमीर या इतिहासकाराने ‘कानून-ए-हुमायूनी’त त्याचे वर्णन केले आहे. त्याचे नाव ‘बिसात-ए-निशात’, आनंदाचा गालिचा. हा भला मोठा गोल गालिचा होता. त्यावर एकात एक वर्तुळे, प्रत्येक वर्तुळ एका ग्रहाचे आणि त्या ग्रहाच्या रंगाचे. दरबारी लोक आपापल्या ग्रहाच्या वर्तुळात बसत. मग फासा टाकायचा. फाशाच्या बाजूंवर ठिपके नव्हते, तर वेगवेगळ्या स्थितीतल्या माणसांची चित्रे होती. जे चित्र वर येईल तसे त्या खेळाडूने व्हायचे. उभे राहायचे, बसायचे किंवा आडवे व्हायचे. गंभीर चेहऱ्याचे उमराव आणि आलिम फाशाच्या हुकमावर गालिच्यावर लोळत असतील, तेव्हा हसण्याचा केवढा गदारोळ होत असेल! हुमायून म्हटला की आपल्याला पराभव, वनवास आणि ग्रंथालयाचा जिना आठवतो. एक कल्पक खेळ रचणारा माणूस म्हणून त्याची ओळख कुणी करून देत नाही.

या सगळ्याला धार्मिक बाजू आहेच. कुरआनच्या सूरह माइदामध्ये ‘मैसिर’ म्हणजे जुगार निषिद्ध ठरवला आहे. त्यामुळे पत्ते, शतरंज आणि चौसर यांबद्दल उलेमांनी वेळोवेळी नापसंती दाखवली. आमच्या घरातही पत्त्यांना परवानगी नव्हती. पैसे न लावता खेळावे की नाही, यावर मतभेद आहेत आणि राहतील. तो फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. पण इतिहास लिहिताना, मुसलमान समाजात हा खेळ होता, तो नावाजला गेला आणि त्याला विरोधही झाला, हे तिन्ही सांगावे लागते. यातले एकच सांगणारा अर्धी गोष्ट सांगत असतो.

अकबराचे बारा बादशहा

तिसऱ्या पिढीत अकबर येतो. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने खेळांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यात चौगान आहे, कबुतरबाजी आहे, चौपड आहे, अकबराने स्वतः शोधलेला ‘चंडल मंडल’ आहे आणि पत्तेही आहेत. बादशहा खेळाकडे नुसती करमणूक म्हणून पाहत नाही, खेळता खेळता माणसांची पारख करतो, असे अबुल फजलचे म्हणणे.

पत्त्यांबद्दल तो सांगतो की जुन्या जाणत्यांनी बारा हा आकडा धरून प्रत्येक रंगात बारा पाने केली. पण बारा बादशहा बारा तऱ्हेचे असायला हवेत, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. एका ओळीत केलेली ही टीका मला फार मोलाची वाटते. आज खेळ रचणाऱ्या कुठल्याही मुलाला शिकवावा असा तो धडा आहे. सगळे राजे सारखेच असतील तर रंग बदलून उपयोग काय? प्रत्येक पात्राला स्वतःचे बळ हवे, स्वतःचा मुलूख हवा.

मग अबुल फजल बारा बादशहांची यादी देतो. पहिला अश्वपती. घोड्यावर स्वार, डोक्यावर छत्र, दिल्लीच्या बादशहासारखा. दुसरा गजपती, ज्याचे बळ हत्तींत, जसा ओरिसाचा राजा. तिसरा नरपती, ज्याचे बळ पायदळात. इथे उदाहरण दिले आहे विजापूरच्या सत्ताधीशांचे. दख्खनमध्ये नरपती ही पदवी विजयनगरच्या राजांशी जोडलेली होती. अबुल फजल ती आदिलशाहीला लावतो. चौथा गढपती, किल्ल्यावर सिंहासन मांडून बसलेला. पाचवा धनपती, सोन्या-चांदीच्या राशीजवळ. सहावा दलपती, चिलखतातला वीर. सातवा नावपती, जहाजावर बसलेला आरमाराचा धनी. आठवी तिपती. ही राणी आहे, तिच्याभोवती दासी आणि तिचा वजीरही स्त्रीच.

इथपर्यंत हे या जगातले राजे. त्यानंतर खेळ कल्पनेच्या प्रदेशात शिरतो. नववा सुरपती, म्हणजे देवांचा राजा इंद्र. दहावा असुरपती आणि त्या पानावर तख्तावर बसले आहेत दाऊदचे पुत्र सुलेमान. अकरावा बनपती म्हणजे वनाचा राजा वाघ, त्याचा वजीर बिबट्या. बारावा अहिपती, अजदहावर म्हणजे महासर्पावर आरूढ झालेला नागांचा राजा, त्याचा वजीर दुसऱ्या सापावर बसलेला साप.

असुरपती म्हणून हजरत सुलेमान यांचे नाव वाचून आज काही जणांच्या कपाळावर आठी येईल. पण जरा थांबून पाहावे. कुरआनात सुलेमान (अलैहिस्सलाम) यांच्या ताब्यात जिन्न दिलेले आहेत, ते पक्ष्यांची भाषा जाणतात. ‘जिन्नांचा स्वामी’ ही कल्पना भारतीय खेळाडूला एका शब्दात कशी सांगायची? जवळचा शब्द सापडला असुर. हे भाषांतर अचूक नाही, पण त्यात अवहेलना नाही. सुलेमान तिथेही बादशहाच आहेत, तख्तावर आहेत. त्यांच्या शेजारच्या रंगात इंद्र आहे, तोही तख्तावर. १४४ पानांच्या एकाच संचात दोन परंपरांचे दोन महान राजे समान मानाने मांडले गेले. डावात कुणाचा हात होईल हे खेळाडूच्या अक्कलहुशारीवर ठरणार होते, पात्राच्या धर्मावर नव्हे.

उलट्या उतरंडीचा नियम

नुसत्या पात्रांनी खेळ होत नाही, त्याला नियम लागतात. गंजिफाचा एक नियम तर फारच हुशारीचा आहे.

अबुल फजल लिहितो की बारांपैकी पहिल्या सहा रंगांना ‘बेशबर’ म्हणजे बलवान आणि शेवटच्या सहांना ‘कमबर’ म्हणजे दुबळे म्हणतात. गंजिफाच्या रूढ खेळात या विभागणीचा अर्थ असा. बलवान रंगात बादशहा आणि वजिराच्या खाली दश्शी मोठी, मग नव्वी, अठ्ठी असे उतरत जात एक्का सर्वांत लहान. दुबळ्या रंगात मात्र ही उतरंड उलटते. तिथे बादशहा आणि वजिराच्या खाली एक्का मोठा, मग दुर्री, तिर्री आणि दश्शी सगळ्यांच्या तळाला.

म्हणजे एकाच डावात निम्मे जग सरळ आणि निम्मे उलटे. एका रंगात मिरवणारी दश्शी दुसऱ्या रंगात कवडीमोल ठरते. त्यामुळे नवख्या खेळाडूची त्रेधा उडते आणि जाणत्याची बुद्धी कसाला लागते. रूढ खेळात तीन खेळाडू असतात. ९६ पानांचा संच असेल तर प्रत्येकाला ३२ पाने. आपल्या नेहमीच्या खेळासारखा हुकमाचा रंग नसतो. ज्या रंगाची उतारी, त्याच रंगातले मोठे पान हात जिंकते. म्हणून कोणती पाने पडून गेली हे ध्यानात ठेवणे हाच खेळाचा गाभा. स्मरणशक्ती ज्याची पक्की, त्याचे हात जास्त.

आठ कचेऱ्यांचे राज्य

बारा रंगांबरोबर आठ रंगांचा ९६ पानांचा एक संचही इराणी जगात प्रचलित होता. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात अहली शिराझी या कवीने त्याच्या पानापानावर रुबाया रचल्या होत्या. अकबराने या संचात ‘काही योग्य बदल’ केले, असे अबुल फजल सांगतो. ते बदल वाचताना मला आश्चर्य वाटले. कारण इथे युद्ध जवळपास नाहीच. इथे कचेऱ्या आणि कारखाने आहेत.

धनपतीच्या रंगात बादशहा सोने वाटतो आहे आणि वजीर खजिना तपासतो आहे. बाकीच्या दहा पानांवर टांकसाळीतली माणसे, म्हणजे जवाहिऱ्या, धातू वितळवणारा, वजन करणारा, नाणी पाडणारा, मोहरा मोजणारा. ‘बरात’ म्हणजे दस्तऐवजांच्या रंगात बादशहा फर्माने पाहतो आहे, वजिरापुढे दफ्तर उघडे आहे. खालच्या पानांवर कागद बनवणारा, कागदावर रेघा आखणारा, नोंदी करणारा कारकून, नक्काश, फर्माने लिहिणारा, पुस्तक बांधणारा जिल्दसाज. ‘चंग’ म्हणजे वाद्याच्या रंगात गायक-वादक. ‘शमशेर’च्या रंगात बादशहा तलवारीचे पोलाद पारखतो आहे आणि खाली शस्त्रे घडवणारे, त्यांना पाणी चढवणारे कारागीर. ‘ताज’च्या रंगात शिंपी आणि इतर कारागीर. ‘किमाश’ म्हणजे मालाच्या रंगात ओझ्याची जनावरे. ‘सफेद’ म्हणजे चांदीच्या रंगात रुपयाची टांकसाळ. आणि ‘गुलाम’ या रंगात बादशहा हत्तीवर, वजीर गाडीत आणि खाली नोकर. कुणी बसलेला, कुणी इबादतीत, कुणी नशेत, कुणी शुद्धीवर.

राजाच्या दरबारात कागद बनवणाऱ्याचे चित्र कोण काढतो? शाही चित्रांत तो क्वचितच दिसतो. पण पत्त्यांच्या संचात त्याच्याशिवाय रंग पुरा होत नाही. बादशहा एक, वजीर एक आणि राबणारी माणसे दहा. राज्य कसे चालते, याचे इतके प्रामाणिक गणित मला दुसरीकडे सापडलेले नाही.

सूर्य, चंद्र आणि सावंतवाडी

हा खेळ दरबारातून बाजारात उतरला. दरबारासाठी हस्तिदंत आणि कासवाची पाठ, तर सामान्यांसाठी कापड आणि कागद. कारागिरांनी कामाच्या दर्जाप्रमाणे ‘दरबारी कलम’ आणि ‘बाजार कलम’ अशी नावेही पाडली. बंगालमध्ये बिष्णुपूर, ओडिशा, म्हैसूर आणि आपल्या कोकणात सावंतवाडी अशी त्याची घराणी झाली.

म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांची गोष्ट तर वेगळ्याच तऱ्हेची. १८३१ मध्ये इंग्रजांनी राज्याचा कारभार त्यांच्याकडून काढून घेतला. राज्य चालवायचे राहिले नाही, तेव्हा या राजाने खेळ रचले. त्यांच्या ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथात ‘चद’ नावाच्या पत्त्यांच्या अनेक खेळांची वर्णने आहेत. त्यांतला लहान खेळ ३६ पानांचा आणि सर्वांत मोठा ३६० पानांचा.

सावंतवाडीत रूढ झाला तो दशावतारी गंजिफा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा आकड्यांची पाने, एकूण १२०. मत्स्याच्या रंगाची खूण मासा, कूर्माची कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू. तिघांत वाटले की प्रत्येकाला ४० पाने. रचना तीच, फक्त आठ रंगांचे दहा झाले आणि पात्रे बदलली. बलवान आणि दुबळ्या रंगांचा उलटसुलट नियमही तसाच राहिला.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा, कारण माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा प्राण त्यात आहे. मुघल गंजिफात डाव दिवसा सुरू होत असेल तर ‘सुर्ख’चा, म्हणजे सोन्याच्या मोहरेचा बादशहा ज्याच्याकडे असेल त्याने उतारी करायची. रात्री खेळत असाल तर ‘सफेद’चा, म्हणजे चांदीच्या नाण्याचा बादशहा ज्याच्याकडे असेल त्याने. लालसर सोने म्हणजे सूर्य, पांढरी चांदी म्हणजे चंद्र. आता दशावतारी गंजिफात सोने-चांदीची नाणी उरलीच नाहीत. मग या नियमाचे काय करायचे? कुणा अनाम रचनाकाराने तोडगा काढला. दिवसाचा डाव रामाने उघडायचा, रात्रीचा कृष्णाने. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी.

ज्या कुणाला हे सुचले, त्याला फारसी खेळाचा आत्मा कळला होता आणि आपल्या पुराणांचाही. त्याने नियम मोडला नाही, आंधळेपणाने नक्कलही केली नाही. सूर्याच्या जागी सूर्य ठेवला, चंद्राच्या जागी चंद्र. ‘मुघलांनी हिंदूंना काय दिले’ किंवा ‘हिंदूंनी मुघलांकडून काय घेतले’ अशा हिशोबाच्या वह्या उघडून बसणाऱ्यांना हे कसे समजावे? यात देणारा-घेणारा असा भेद उरलेलाच नाही. दोघे मिळून एकच खेळ पुढे नेत होते.

विसाव्या शतकात छापील विलायती पत्त्यांपुढे हा खेळ टिकला नाही. सावंतवाडीतही मोजकेच चितारी उरले होते. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात पुढाकार घेतला, राजवाड्यातच कारागिरांना बसवले आणि स्वतः सत्त्वशीलादेवींनीही ही कला शिकून घेतली. मी तिथे गेलो होतो तेव्हा दरबार हॉलमध्ये काही स्त्री-पुरुष मान खाली घालून बारीक कुंचल्याने पाने रंगवत होते. गावातली चितार आळी लाकडी फळांसाठी आणि खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. खेळणे करणारा हात आणि पत्ता रंगवणारा हात इथे एकाच परंपरेतला. चिंचोक्याची खळ, खडूचा थर, घोटून आणलेली चकाकी, मागे लाखेचा लेप. मी एका विक्रेत्याला विचारले, ‘दादा, हे खेळतात कसे?’ तो हसला. ‘खेळायला कोणी नेत नाही हो, भेट द्यायला नेतात.’

ते उत्तर मला अजून सलते. कला वाचली, खेळ हरवला. पान भिंतीवर गेले की मासा हा मासा राहतो, कासव हे कासव. दिवस-रात्रीचा नियम, उलटी उतरंड, पडलेली पाने लक्षात ठेवण्याची धडपड यांतले काहीच चौकटीत मावत नाही.

पात्रे कोण रचतो?

हा विषय जुना झाला असे कुणी म्हणेल. तसे नाही. १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कल्पनारम्य पत्त्यांचा खेळ अमेरिकेत आणला आणि जगभर त्याचे वेड लागले. त्याची पहिली पुरवणी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आली. तिचे नाव होते ‘अरेबियन नाईट्स’. त्यात अलादीन आहे, अलीबाबा आहे. ‘शहराजाद’ नावाचे एक पान तर अफलातून आहे. ते टाकले की चालू डाव थांबवून आत दुसरा छोटा डाव खेळावा लागतो. गोष्टीत गोष्ट सांगणाऱ्या शहराजादचा स्वभाव गारफिल्डने नियमात उतरवला. याला म्हणतात पात्र रचणे.

पण त्याच पुरवणीत ‘जिहाद’ नावाचे पान होते आणि ‘दगड फेकणारे सैतान’ अशा अर्थाच्या नावाचेही. पुढे २०२० मध्ये वंशद्वेषाची चर्चा पेटली तेव्हा कंपनीने सात पाने अधिकृत खेळांतून बाद केली. त्यांत ही दोन्ही होती, ‘क्रुसेड’ही होते. एकाच रचनाकाराच्या एकाच संचात शहराजादला इतकी सुंदर जागा मिळते आणि शेजारीच मुसलमान म्हटल्यावर दगड आणि जिहाद आठवतो. यात दुष्टपणा असेल असे मला वाटत नाही. समोरच्याच्या घरात न डोकावता त्याचे चित्र काढले की असे होते.

माझा पुतण्या गेम डिझाइनचे शिक्षण घेतो. मित्रांबरोबर त्याने दख्खनवर आधारित पत्त्यांचा खेळ रचायला घेतला, तेव्हा मला पाने दाखवायला आणली. मुसलमान पात्रे चार होती. चौघांच्या हातात तलवार, चौघांच्या भुवया चढलेल्या.

मी विचारले, ‘हे सगळे लढतातच का रे?’

‘चाचा, लढणारी पात्रेच लोकांना आवडतात. तुम्हीच सांगा ना दुसरे काही.’

मी त्याला अकबराच्या ‘बरात’ रंगातला कागद बनवणारा सांगितला. मग दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची माहिती दिली, जिथे हाताने कागद बनवण्याची जुनी परंपरा आहे. तो काही बोलला नाही. आठवड्याने त्याचा निरोप आला. त्यांच्या खेळात आता ‘कागजी’ नावाचे पान आहे. त्याच्या हातात तलवार नाही, ओल्या लगद्याची चाळणी आहे. नियम असा की ज्याच्याकडे कागजी, त्याच्या परवानगीशिवाय कुठल्याही राजाला फर्मान काढता येत नाही. कागदच नसेल तर हुकूम लिहिणार कशावर? त्याच्या मित्रांच्या गटात हेच पान सगळ्यांना हवे असते, असे तो सांगतो.

आपल्याबद्दल इतरांनी रचलेल्या पात्रांची तक्रार आपण करत राहतो आणि ती बऱ्याचदा रास्तही असते. पण आपल्याच तवारिखेत कागजी, जिल्दसाज, नक्काश, टांकसाळीतला तोलारी आणि जहाजावरचा नावपती अशी पात्रे पडून आहेत. ती आपण आपल्या मुलांना दाखवली नाहीत तर त्यांच्या हातीही तीच तलवार येणार आणि इतरांच्या कल्पनेतही.

सावंतवाडीला गेलात तर गंजिफाचा संच जरूर घ्या. पण तो चौकटीत बसवू नका. तिघे जण बसा, प्रत्येकी ४० पाने वाटा. बाहेर ऊन असेल तर ज्याच्याकडे राम आहे त्याने उतारी करावी, दिवे लागले असतील तर कृष्णाने. पैसे लावू नका. हरलात तरी बिघडत नाही. कोणती पाने पडली आणि कोणती अजून हातात आहेत, एवढे मात्र लक्षात ठेवा.